तिच्या अकरा टेप आणि माझी वही

बायको गेल्यानंतर महिन्याभरात मी एक वही केली. पहिल्या पानावर लिहिलं : घरी व्हिडिओ एडिटिंगसाठी कोणता कॉम्प्युटर घ्यावा. सगळा जन्म शाळेच्या ग्रंथालयात काढलेला मी. काही कळेनासं झालं की वही करायची, एवढंच मला येतं.

तिच्या अकरा टेप होत्या. मुलगी लहान असताना तिने हातात मावणारा व्हिडिओ कॅमेरा घेतला होता आणि भोईवाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत जे जे घडलं ते त्यात भरून ठेवलं होतं. मुलीचे वाढदिवस, पाहुणे, फसलेले मोदक. प्रत्येक टेपवर तिच्या अक्षरातली चिठ्ठी. एकीवर फक्त ‘उगाच’ असं लिहिलेलं.

कॅमेरा कायम तिच्याच हातात असल्यामुळे ती कुठेच दिसत नाही. तिचा आवाज मात्र सगळीकडे आहे. ‘हलू नका हो.’ ‘अगं, इकडे बघ.’ मला तेवढंच हवं होतं. बाकी सगळं कापून तिचा आवाज सलग जोडायचा. ती म्हणायची, रिटायर झाले की हे सगळं कॉम्प्युटरवर घेईन. रिटायर व्हायला तिला दोन वर्षं होती.

कॉम्प्युटर घेणार असं मी माझ्या मोठ्या बहिणीला सांगितलं. ताई डिलाईल रोडला राहते.

“वर्ष सरू दे रे आधी,” ती म्हणाली. “वर्षाच्या आत घरात नवी वस्तू आणत नाहीत. चमचासुद्धा नाही.”

“ताई, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही.”

“तुझा नसेल. तिचा होता.”

मी थांबायचं ठरवलं. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. वर्षभर ते आवाज ऐकावे लागणार नव्हते आणि दोष रिवाजाचा होता.

मग मी वर्षभर अभ्यास केला. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड, रंग खरे दाखवणारा मॉनिटर. दादरच्या वाचनालयात बसून मासिकं चाळली, मुलीच्या जुन्या फोनवर माहिती वाचली, तक्ते आखले. एका लेखात बत्तीस जीबी रॅम हवी म्हटलेलं असे, दुसऱ्यात सोळा पुरे. दोन्ही उतरवून घेत असे. टेप मात्र उघडल्या नाहीत. तेराव्यानंतर तिच्या वस्तू एका ट्रंकेत भरून पलंगाखाली सरकवल्या होत्या, त्यांतच त्या गेल्या. आमची ती भिंत पावसाळ्यात ओल धरते. दर वर्षी पाऊस संपला की ती टेप बाहेर काढून एकदा पुढे-मागे फिरवायची आणि डब्यातल्या ओल शोषणाऱ्या पुड्या बदलायची. हे मी वर्षानुवर्षं पाहिलं होतं, पुस्तकावरून नजर काढून.

वर्षश्राद्ध झालं. ताई म्हणाली, “आता आण काय आणायचं ते.” मी वही आणि कपाटातला तिचा कॅमेरा घेऊन लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो.

दुकानदार माझ्याच वयाचा. त्याने वही हातात घेऊन पानं उलटली.

“बाप रे! साहेब, पिक्चर काढताय की काय?”

“घरचंच आहे.”

“हो, पण फुटेज कसलं? मोबाइलचं? फोर के?”

“टेपवर आहे.” मी कॅमेरा पुढे केला.

त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि हसला. “अहो, याला एवढं मशीन कशाला? हे तर जुन्या डब्यावर पण होतं. उलट जुन्यावरच होतं, याची वायर नव्यात लागतच नाही, वेगळं कार्ड टाकावं लागतं. घरी जुना पीसी आहे का?”

“आहे. हिने घेतला होता. कॅमेऱ्याच्याच सुमारास.”

“मग त्याच्या मागे बघा, असं छोटं भोक असेल. असलं तर काही घेऊ नका.” वही परत देत तो म्हणाला, “अभ्यास मस्त केलाय पण.”

घरी आलो. जुना कॉम्प्युटर टेबलावर होता, तिने शिवलेल्या कव्हराखाली. त्याच्यावर मी वर्षभर वही ठेवत होतो. मागे हात घातला. भोक होतं. त्यात वायरही लावलेली होती, दुसरं टोक गुंडाळून दोऱ्याने बांधलेलं. घरात नवीन काही आणायची गरजच नव्हती.

ट्रंक ओढली, डबा उघडला. टेपांच्या कडांवर पांढरी बुरशी आली होती.

दादरला जुने कॅमेरे दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांनी भिंगातून एकेक टेप पाहिली. “फीत फितीला चिकटलीय. ओढली तर तुटेल. मागच्या पावसाळ्यातलं दिसतंय हे. आधी आला असतात तर...” दहा टेप त्यांनी बाजूला ठेवल्या. ‘उगाच’ लिहिलेली तेवढी त्यांनी पुसून, वाळवून दिली. “एकदाच चालेल बहुतेक. लावाल तेव्हाच कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वायरचा दोरा सोडला, टोक कॅमेऱ्याला लावलं आणि टेप आत घातली.

चित्र आलं. आमची गॅलरी, वाळत घातलेली चादर, खुर्चीत मी. केस काळे. मांडीवर पुस्तक.

“अहो,” तिचा आवाज आला. अगदी जवळून, कॅमेऱ्याच्या मागून. “वर बघा ना जरा.”

खुर्चीतल्या माणसाने पान उलटलं.

“एकदाच. मग वाचा.”

मग चित्राचे चौकोन झाले, आवाज तुटला, पडदा निळा पडला. पुढे फिरवून पाहिलं, मागे फिरवून पाहिलं. निळाच.

तेवढं मात्र उतरलं होतं. त्यातून तिचा आवाज वेगळा काढता आला असता. मी ते पुन्हा लावलं आणि त्या माणसाकडे बघत बसलो. तो काही वर बघत नाही.