मावशीच्या गच्चीसमोरची खोली

आधीच सांगून टाकते, स्वस्त खोलीचं मला वेड आहे. गरज काही नाही. हे सरकारी नोकरीत, मी शाळेत, हॉटेलचे पूर्ण पैसे द्यायला आमचं काही अडत नाही. पण पूर्ण पैसे दिले की माझ्या जिवाला लागतं. माझा बाप माळी. अमरावतीच्या भाजीबाजारात हर्रास, म्हणजे लिलाव, सुरू झाला की तो वांग्यांच्या ढिगापाशी हाताची घडी घालून उभा राहायचा आणि तोंडातून आकडा काढायचा नाही. समोरच्यालाच आधी बोलू द्यायचा. मी त्याच्या पायाशी बसून ते पाहिलंय. त्यामुळे फोनवर जेव्हा हॉटेलच्या खोलीसाठी बोली लावता येते असं कळलं, तेव्हा मला माहेरी आल्यासारखं झालं.

ते असं असतं. हॉटेलचं नाव लपवलेलं. शहर कोणतं, वस्ती साधारण कुठली, तारे किती, नाश्ता आहे की नाही, एवढंच दिसतं. आपण आपली बोली टाकायची. हॉटेलवाल्याला पटली की पैसे तिथल्या तिथे कापले जातात आणि मग नाव उघडतं. उघडलं की संपलं, पैसे वापस नाहीत. हॉटेलवाल्याची रिकामी खोली जाते, आणि त्यानं ती किती पडत्या भावात दिली हे बाजाराला कळत नाही. आपल्याला खोली मिळते, आणि कोणती मिळणार या धाकधुकीची मजा वेगळीच. चिखलदऱ्याला मी अशीच एक दरी दिसणारी खोली घेतली होती. खिडकीतून दिसली पाण्याची टाकी आणि तिच्यावर बसलेली माकडं. आमचे हे त्या टाकीकडे बघत चहा पीत बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "बायकोनं दरी सस्त्यात घेतली." तरी माझी खोड गेली नाही.

गेल्या मे महिन्यात ह्यांच्या मित्राच्या मुलीचं लग्न अकोल्याला होतं. आदल्या दिवशी हळद, दुसऱ्या दिवशी लग्न, म्हणजे एक मुक्काम आलाच. आणि अकोल्याला माझी मावशी राहते.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. मूलबाळ नाही. मावसा गेल्यापासून एकटीच. खाली दोन खोल्या, वर गच्ची, अंगणात लिंबाचं झाड. डी.एड.ची सगळी वर्षं मी तिच्याच घरी काढली. ती बाजारात भाजी विकायची आणि संध्याकाळी येऊन माझ्यासाठी वेगळी पोळी टाकायची, कारण मला भाकर जात नव्हती. तिच्या घरून कोणी रिकाम्या हातानं गेलेलं मी पाहिलं नाही. मीटर पाहायला आलेला माणूससुद्धा चार लिंबं घेऊन जातो.

आता आमच्या वऱ्हाडात गावात आपलं माणूस असताना लॉजवर उतरणं म्हणजे त्या माणसाच्या तोंडात मारणं. पाहुणा ओसरीत झोपेल, दाटीवाटीनं झोपेल, पण आपल्याच माणसाकडे झोपेल. लॉजवर कोण जातं? भांडून आलेला जातो. हे मला काय माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं.

पण मे महिना, आणि त्यात अकोला. मावशीचा कूलर सुरू झाला की शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागतं. संडास अंगणाच्या त्या टोकाला. ह्यांची कंबर धरलेली. ही सगळी कारणं मी स्वतःला सांगितली, आणि त्यातलं एकही खरं नव्हतं. खरं हे की मला कोणाशी बोलायचं नव्हतं. वर्षभर शाळेत बोलून माझं तोंड दुखतं. 'खाल्लं का वं, झोपली का वं, पोरीचं कुठं जमून राहिलं का वं' असं कोणी विचारणार नाही अशा गार खोलीत मला गप पडायचं होतं. म्हणून मावशीला फोनवर सांगितलं, "लग्नाले येऊन राहिलो मावशी, पण मुक्काम नाही. ह्यायले सुट्टी नाही, जाऊन-येऊनच करू. लग्न लागलं का तुह्याकडे चक्कर मारतो."

"बरं वं," मावशी म्हणाली. "पण थकले तं मुक्काम करजा. उन्हाचे दिवस हाय."

फोन ठेवला आणि मी बोली टाकली. अकोला, शहराच्या मध्यभागी, तीन तारे, एसी, नाश्ता. चक्र फिरत राहिलं, आणि पटली की माझी बोली! नाव उघडलं. मी वाचलं आणि तोंडातून "अरे बाप्पा!" एवढंच निघालं.

ते मावशीच्याच गल्लीच्या तोंडाशी बांधलेलं नवं हॉटेल होतं. तिच्या घराच्या अगदी समोर. ते बांधकाम चालू होतं तेव्हा मावशी दर फोनला त्याला शिव्या घालायची. "त्या हाटेलानं माह्या गच्चीवरचं सकाळचं ऊन खाल्लं वं. पापड वाळता वाळत नाही." त्याच हॉटेलात मी खोली घेतली होती, आणि वर स्वस्तात.

हे हसले आधी. मग म्हणाले, "जाऊ दे पैसे. मावशीकडेच राहू सरळ. म्हातारी खुश होईल."

"पैसे वापस नाही भेटत," मी म्हटलं.

"तं नाही भेटू दे. एवढ्यानं काय गरीब होऊन राहिलो आपण?"

माणूस बरोबर बोलत होता. पण मी अडून बसले. इतक्या चांगल्या भावात लागलेली बोली वाया घालवायची? माझ्यातला बाजार काही ऐकेना. त्या घडीला ह्यांचं ऐकलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं.

हळदीच्या दिवशी आम्ही हॉटेलात शिरलो. मी डोक्यापासून गळ्यापर्यंत ओढणी गुंडाळलेली, वर गॉगल. मे महिन्यात अकोल्यात सगळ्याच बाया तशा फिरतात, कोणी वळून पाहत नाही. पण त्या सगळ्या उन्हापासून तोंड लपवतात आणि मी माझ्या मावशीपासून लपवत होते. लाज वाटत होती, तरी पाय काही मागे फिरले नाहीत.

खोली छान होती. पांढऱ्याशुभ्र चादरी, एसी असा की पांघरूण घ्यावं लागलं. मी गप पडले, जसं पडायचं होतं तशी.

सकाळी उठून पडदा सरकवला तर समोर मावशीची गच्ची. आणि गच्चीवर मावशी. तिनं गादी डोक्यावरून वर आणली होती. हॉटेलच्या सावलीतून जेवढा उन्हाचा पट्टा सुटला होता तेवढ्यात ती अंथरली आणि काठीनं झोडपायला लागली. मधेच थांबायची, कमरेवर हात ठेवायची, पुन्हा झोडपायची. मग खाली गेली आणि दुसरी गादी घेऊन आली. मग दोन उशा. अभ्रे कोरे होते, घड्या दिसत होत्या. मी पडद्याआड उभी होते. एकट्या बाईला दोन गाद्या कशाला लागतात हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तरी मी फोन लावला. का लावला देव जाणे. मन खात होतं, दुसरं काय.

"काय करून राहिली मावशी?"

"काई नाई वं. गाद्यांले ऊन दाखवून राहिली." तिला धाप लागली होती. "म्हटलं, जवाई आज थकले तं थांबतीन. तयारी असलेली बरी. तू कुठीसा हाय?"

"अमरावतीले," मी म्हटलं. "निघतच हावो आता."

तेवढ्यात खाली गल्लीत घंटागाडी शिरली. तिच्या भोंग्यावरचं ते कचऱ्याचं गाणं, ओला वेगळा, सुका वेगळा, मला खिडकीतून ऐकू आलं आणि फोनमधूनही ऐकू आलं. मावशीलाही दोन्हीकडून ऐकू गेलं असणार. ती बोलायची थांबली. फोन कानाला तसाच धरून तिनं हळूच मान वर केली आणि हॉटेलच्या खिडक्यांकडे पाहिलं. एकेक खिडकी पाहिली. मी भिंतीला चिकटले.

"बरं," ती म्हणाली. "सांभाळून या मंग." आणि फोन ठेवला. थोड्या वेळानं पुन्हा पाहिलं तर गच्ची रिकामी होती. गाद्या तिनं आत नेल्या होत्या.

लग्न लागलं, जेवणं झाली आणि आम्ही मावशीकडे गेलो. तिनं ह्यांना पाट दिला, पन्हं दिलं, मला तांब्याभर पाणी दिलं. इकडचं-तिकडचं बोलली. मग पदरानं तोंड पुसत, साधं विचारावं तसं विचारलं, "कोन्त्या मजल्यावर हाय तुमची खोली?"

ह्यांनी पन्ह्याच्या पेल्यात तोंड घातलं. मी बोलत सुटले. "मावशी, तसं नाही ना वं. त्यात आधी नावच दाखवत नाही. बोली टाका लागते. पैसे कटले का मंग नाव दिसते. आणि एकदा कटले का वापस भेटत नाही, म्हणून, नाही तं आमी इथंच..." असं बरंच काही. मी शाळेत पोरांच्या अशा सबबी रोज ऐकते. एकाही पोराची सबब इतकी पडेल नसते.

मला वाटलं, आता सणसणीत ऐकवेल. मावशीचं तोंड साऱ्या भाजीबाजाराला ठाऊक आहे, भाव पाडणाऱ्या गिऱ्हाइकाला ती उभं करायची नाही. मी वाटच पाहत होते. देवा, दे एकदाची शिवी आणि मोकळं कर मला. पण ती खाली बघून ऐकत राहिली आणि मग तिनं नीट समजून घेतल्यासारखे प्रश्न विचारले. गार असते का? पानी गरम येते का? कोनाले उठवा नाई लागत, कोनाचा तरास नाई?

"बरंच केलं मंग," ती म्हणाली. "माह्या इथं तुमाले झोप नसती लागली. आता असंच करतेत सारे." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी शोधला, सापडला नाही. निघताना तिनं पिशवीभर लिंबं दिली आणि अंगणाच्या फाटकापर्यंत आली. फाटकातून हॉटेलचं दार दिसत होतं.

त्या दिवसापासून मी बोली लावलेली नाही. पण त्यानं काय होतं?

हिवाळ्यात आमच्या मुलीचा साखरपुडा अमरावतीला ठरला. मी मावशीला स्वतः फोन केला, ह्यांनीही केला. चांगली आठवडाभर राहायलाच ये म्हटलं. "येतो वं, नातीचा साखरपुडा हाय, येनार नाई का?" ती म्हणाली. मी तिच्यासाठी मागची खोली रिकामी केली. नवी दुलई आणली. मीच गादी गच्चीवर नेली, उन्हात टाकली, काठीनं झोडपली. खांदे भरून आले तेव्हा मावशीची कमरेवर हात ठेवून थांबायची पद्धत मला कळली. ह्यांनी विचारलं, "बाई लावू का?" म्हटलं, नाही, मीच करणार.

साखरपुड्याच्या दिवशी मावशी ऑटोनं थेट हॉलवर आली. इरकल नेसलेली, हातात नातीसाठी साडीचा डबा आणि काखेत लहानशी पर्स. बस.

"बॅग कुठी हाय तुही?" मी विचारलं.

"लॉजवर," ती म्हणाली. "बसस्टँडपाशी. शेजारच्या पोरीनं फोनवरून घेऊन देल्ली."

आजूबाजूला सनई, पाहुणे, कोणी मला हाक मारत होतं. मी म्हटलं, "मावशी, काहून असं केलं? मी तुह्यासाठी खोली... चाल, आताच्या आता बॅग आणू."

"अवं, पैसे वापस नाई देत तो," ती मला समजावत म्हणाली. "आनं तुह्या घरी पावने असतीन. तुमाले आवडत नाई ना गर्दी. मी म्हटलं, तुनंच सांगतलं होतं, तसंच करावं आपन." ती जरा खूशच होती. भाचीची रीत भाचीच्या गावात चुकू नये म्हणून तिनं एवढं केलं होतं. मी तिला शिकवलेलं तिनं मन लावून पाळलं होतं.

कार्य आटोपल्यावर मी तिला सोडायला गेले. पुन्हा गळ घातली, हात धरला, ओढलं. ती ऐकेना. लॉजची खोली पाहिली. एक पलंग, वर मळकट चादर, आणि त्या चादरीवर तिनं घरून आणलेली आपली सुती चादर टोकाला टोक जुळवून घातली होती. आयुष्यात ती पहिल्यांदाच लॉजवर राहत होती. तिनं मला पलंगावर बसवलं, स्वतः खुर्चीवर बसली. "पाह्य, खिडकीबी हाय," म्हणाली. खिडकीबाहेर भिंत होती. नळ सोडून दाखवला. पेल्यात पाणी भरून माझ्या हातात दिलं. मी तिच्या घरी आले होते.

"जाय आता," ती थोड्या वेळानं म्हणाली. "पावने खोयंबले असतीन."

मी उठले. ती इकडे-तिकडे पाहायला लागली. पर्स उघडली, बंद केली. खोलीत काही नव्हतं. मग ती न्हाणीत गेली आणि लॉजवाल्यानं ठेवलेली साबणाची कोरी वडी घेऊन आली. माझी मूठ उघडून तिनं ती वडी तिच्यात ठेवली आणि माझी बोटं तिच्यावर मिटवली.

"घे," ती म्हणाली. "रिकाम्या हातानं काहून जातं?"