रिकामे म्हणून बुजवलेले तीन चर

आखातातल्या उम्म अल कुवैनच्या त्या माळावरून रस्ता जायचा होता. त्याआधी जमिनीखाली जुनं काही आहे का, हे बघायला आम्ही चाचणीचे चर खणत होतो. मशीनने वाळू थराथराने खरवडायची, मी शेजारून चालायचं, काही दिसलं की मूठ वर करायची आणि मशीन थांबायचं. चर रिकामा निघाला की कागदावर माझी सही, बुजवणी, आणि ती जागा रस्तेवाल्यांच्या ताब्यात. एका जागी उभं राहणं मला कधीच जमलं नाही, पण त्या आठवड्यात तर पायाला भिंगरीच लागली होती.

मला रोमन काच हवी होती. दोन हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर रोमचा माल उतरायचा, आणि पुण्यात शिकताना मी ती काच फक्त चित्रांत पाहिली होती. पहिल्या तीन चरांत ना काच, ना खापर, नुसते शिंपले. समुद्र हाकेच्या अंतरावर, शिंपले असायचेच. 'समुद्राने टाकलेले' असं लिहून मी तिन्ही चरांवर सह्या ठोकल्या.

चौथ्या चराच्या भिंतीत हिरवट काच चमकली, बोटाच्या पेराएवढी. मी मूठ वर केली आणि चक्क नाचले. मशीन चालवणारे चाचा खाली उतरले. ते मूळचे रत्नागिरीचे, निम्मं आयुष्य इथे गेलेलं. काचेकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. तिच्या बऱ्याच खाली शिंपल्यांचा थर होता, त्यातले मूठभर उचलून त्यांनी माझ्यापुढे धरले.

"मॅडम, हे दर्यानं टाकलेले नाय. सगळे एका मापाचे बघा. दर्या बारीक-मोठं सगळंच टाकतो. हे निवडून आणलेले, भाजून खाल्लेले. कडा जळल्यात. गावाला आमच्या घरामागं असाच ढीग असतो."

"मग आधी का नाही बोललात?"

"तुम्ही शिकलेल्या. आणि तुम्ही थांबता कुठं? मूठ वर नाय, म्हणजे यल्ला, पुढं."

मी वरणभातावर वाढलेली. आमच्या घरी शिंपला कधी शिजलाच नव्हता, त्यामुळे खाल्लेला शिंपला कसा दिसतो हे मला ठाऊकच नव्हतं. हा थर रोमन काचेच्याही हजारो वर्षं आधीचा असणार, आणि मी तो तीनदा पुरून मोकळी झाले होते.

खोदकाम बघणाऱ्या आमच्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "काच मिळाली ना? मग रिपोर्ट मस्त झाला. जुने चर रीओपन केले तर तुझी मिस्टेक रेकॉर्डवर येईल, आणि तू अजून प्रोबेशनवर आहेस. विचार कर."

मी गाडीभोवती किती फेऱ्या मारल्या कोण जाणे. भीती वाटत होती, आणि भीती वाटते याची लाजही वाटत होती. शेवटी पुन्हा फोन करून म्हटलं, चूक माझी आहे, लिहा, पण चर उघडा.

दुसऱ्या दिवशी पहिले दोन चर उघडले. शिंपल्यांखाली चुली निघाल्या, आत कोळसा, माशांचे काटे. चाचा खूश झाले. मी तिसऱ्या चराकडे धावले, तर त्यावर सकाळीच खडी पसरून रोलर फिरला होता. रस्तेवाल्या मुकादमाने मला माझ्याच सहीचा कागद दाखवला.

नोकरी राहिली. तिसऱ्या चरात काय होतं, ते मात्र आता कुणालाच कळणार नाही, आणि ते माझ्यामुळे.