श्रावणची दिवसपाळी

श्रावण नन्नावरे कट्ट्यांची, म्हणजे तांदळाच्या पोत्यांची, तोंडं शिवतो. आमच्या गावापासून सायकलच्या अंतरावर, नागभीडच्या रस्त्याला एक राईस मिल आहे. तांदळाने भरलेला कट्टा पट्ट्यावरून येतो, श्रावण हातमशीन धरतो, सर्रकन टाका जातो, कट्टा पुढे सरकतो. हंगामात मिल रात्रीही थांबत नाही. म्हणून दोन पाळ्या. एक आठवडा दिवस, एक आठवडा रात्र. सगळ्यांना सारखं.

श्रावणला मिरगी आहे.

त्याचा पहिला झटका मी पाहिला नाही. दुसरा पाहिला. आम्ही त्याच्या अंगणात बोलत बसलो होतो आणि तो वाक्याच्या मधेच खाली गेला. त्याची आई, आशाबाई, किल्ली घेऊन धावली. त्याच्या मुठीत ती कोंबली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "फाटक लाव, बापू. कोनी पाहीन."

चंद्रपूरच्या डॉक्टरांकडे मी सोबत गेलो. ते म्हणाले, किल्ली नको, चप्पल हुंगवणं नको. कुशीवर वळवा आणि जवळ बसा. गोळी रोज. आणि रात्रीची झोप. झोप मोडली तर गोळी एकटी काही करणार नाही.

गावात आम्ही कोणाला सांगितलं नाही. श्रावणच्या बहिणीचं, पुनमचं, लग्न व्हायचं होतं. घरात मिरगी आहे म्हटलं की त्या घरच्या मुलीला पाहायला कोणी येत नाही.

मिलमध्ये मात्र सांगावं लागलं. फक्त तौसीफभाईंना. ते तिथले सुपरवायझर. डॉक्टरांची चिठ्ठी त्यांनी वाचली, घडी घालून परत दिली.

"मशीनपाशी आली त?"

"झोप झाली त नाई येत, भाऊ."

"मंग दिवसालेच ये. शेठले मी सांगतो."

"बाकीच्याईले नका सांगू."

"नाई सांगत."

त्यांनी शब्द पाळला. कामगारांना एवढंच सांगितलं की, डॉक्टरने याला दिवसपाळी दिली आहे. कशासाठी, ते नाही.

श्रावणच्या वाट्याच्या रात्री बाकीच्यांत वाटल्या गेल्या. सुरुवातीला कोणी बोललं नाही. मग थंडी पडली. पत्र्याच्या शेडमध्ये रात्रभर कोंड्याची धूळ खात उभं राहायचं, आणि सकाळी हा आंघोळ करून, भांग पाडून फाटकातून आत येणार. झाडूभाऊ त्याला जावईबापू म्हणू लागले.

"या जावईबापू. झोप झाली का? का अजून गादी टाकू?"

श्रावण हसायचा. झाडूभाऊ तळोधीकडचे. पन्नाशीचे, हमाल, तोंडाने तिखट. त्याच हिवाळ्यात पुनमसाठी स्थळ आलं. मुलगा झाडूभाऊंच्याच गावचा निघाला.

मग आमच्या गावची मंडई आली. दिवाळीनंतर आमच्याकडे एकेका गावाची मंडई, म्हणजे जत्रा, असते. घरोघरी पाहुणे येतात, दिवसा दंडारीचा नाच-गाण्याचा खेळ, रात्री नाटक. नाटक सूर्य उगवेपर्यंत चालतं, आणि पाहुण्यांसोबत घरच्या माणसाने बसायचं असतं. सोयरीक बोलायची असेल तर बसायलाच हवं. नवरदेवाकडची मंडळी आली होती.

मी श्रावणला म्हटलं, पहिल्या अंकानंतर उठ.

"पाहुने बसून आहे, अन् पोरीचा भाऊ झोपला? काय सांगू त्याईले?"

तो बसला. मी शेजारी होतो. गोळीने त्याचे डोळे मिटत होते. तो स्वतःच्या मांडीला चिमटे काढत होता. मुलाच्या मोठ्या भावाने काहीतरी विनोद केला, तेव्हा हा इतक्या जोरात हसला की पुढच्या रांगेतल्या बाया मागे वळल्या. नेमका तेव्हा कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढत होतं.

झटका आला नाही. पाहुणे खुश होऊन गेले. सोयरीक जमली. श्रावण दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून झोपला.

तो व्हिडिओ मिलच्या ग्रुपवर आला.

श्रावण कामावर गेला तर सगळे फाटकापाशीच उभे होते. हे मला त्याने त्याच संध्याकाळी सांगितलं, जसंच्या तसं, डोळे खाली घालून.

"काऊन जावईबापू, नाटकाले रातभर जागलं त डॉक्टरले चालते का रे?" झाडूभाऊंनी विचारलं.

"पाहुने होते, भाऊ."

"आमच्या घरी पाहुने नाई येत? आमची मंडई नाई होत? मी नाईटले होतो बे माह्या गावच्या मंडईच्या दिवशी. तुह्या वाटची नाईट करून राह्यलो होतो."

श्रावणकडे उत्तर होतं. झाडूभाऊ समोर असताना ते देता येत नव्हतं.

तौसीफभाईंनी त्याला शेडमागे नेलं. "मी सांगून टाकू का त्याईले? एका मिनिटात गप बसतीन."

"नाई, भाऊ. झाडूभाऊ त्या गावचा आहे."

"देख श्रावण, आजारी मानसानं पाळी मांगली त देनं आलं, हे मले समजते. शेठलेही समजते. पन कारन न सांगता मी दहा जनाईले कसा सांभाळू?"

"मंग लावा नाईट. लग्नापर्यंत करतो."

मी त्याला खूप बोललो. तुझा हक्क आहे, म्हटलं. मी अर्ज लिहून देतो, म्हटलं. मराठी घेऊन बीए झालो आहे, तेवढं तरी येतं मला. तो चपला काढून पायरीवर बसला होता.

"अर्जात आजार लिहा लागीन ना?"

"लागेल."

"मंग झालं ना."

एवढंच बोलला. रात्रपाळीला जाऊ लागला.

काही दिवसांनी एका सकाळी फोन तौसीफभाईंचा आला. आशाबाईंना नाही, मला. मी सायकल घेऊन निघालो. मिलमध्ये रिकाम्या कट्ट्यांच्या ढिगावर श्रावण पडला होता. जागा होता, पण मला ओळखायला त्याला वेळ लागला. जीभ चावली गेली होती. हाताच्या पंजात किल्लीचा लाल ठसा होता. मशीनचा पट्टा बंद होता. झटका आला तेव्हा बाकीचे चहाला गेले होते, पाहिलं ते झाडूभाऊंनीच. ते शेजारी उकिडवे बसले होते. एका पायात चप्पल, दुसरी श्रावणच्या डोक्याशी.

"माही चप्पल हुंगवली तवा उठला," ते मला म्हणाले. मी श्रावणला कुशीवर केलं.

मग झाडूभाऊ श्रावणकडे वळले.

"काऊन नाई सांगतलं बे?"

श्रावणला नीट बोलता येत नव्हतं. "पुनम… तुमच्या गावात…"

झाडूभाऊंना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी चप्पल उचलली, झटकली, पायात घातली.

"नाटकाले त्याईच्यासाठी बसला होता?"

श्रावणने मान हलवली.

"लय येडा आहेस." मग तौसीफभाईंना हाक मारून ते म्हणाले, "भाऊ, याले दिवसालेच लावा. याच्या नाईट मी पाहातो. कोनी काही बोलला त मले सांगा." आणि श्रावणला, "माह्या तोंडातून गावात नाई जानार. बायकोलेही नाई सांगत."

मी तिथेच उभा होतो. ज्या माणसापासून आम्ही इतके दिवस लपवलं, तोच आता ते सांभाळणार होता.

झाडूभाऊंनी शब्द पाळला आहे. अजून तरी. श्रावण दिवसपाळीला जातो, रात्री वेळेवर झोपतो. मिलमध्ये आता त्याला कोणी जावईबापू म्हणत नाही.

सकाळी झाडूभाऊ सुटतात तेव्हा श्रावण फाटकाशी त्यांची सायकल आणून उभी करतो. सांगितलेलं नसतं. टपरीवरून चहा आणतो. मागच्या महिन्यात झाडूभाऊ सहज म्हणाले, रविवारी मले काम आहे. श्रावणने स्वतःची सुट्टी सोडून त्यांची दिवसपाळी केली. नंतरच्या एका रविवारीही केली. झाडूभाऊंनी मागितलं असं म्हणता येत नाही. नको म्हणाले, असंही नाही.

मी एकदा म्हटलं, पाळी तर तौसीफभाईंनी दिली होती, चिठ्ठी पाहून.

"तवा त्याईनं देल्ली होती," श्रावण म्हणाला. "आता झाडूभाऊची आहे."

पुनमचं लग्न वैशाखात आहे. झाडूभाऊ वरातीसोबत येणार, मुलाकडून. काल श्रावण कामावरून आला आणि माझ्या ओट्यावर टेकला. अंगावर कोंडा तसाच होता. लग्नात कोणाकडे काय काम द्यायचं, ते बोलत होता. बोलता बोलता डोळे मिटत होते.

"तू एकच कर," म्हणाला. "वरात आली का झाडूभाऊले सगळ्यात पहिले पाणी देजो. नवरदेवाच्या बापाच्या आंधी. इसरू नको."

मी हो म्हटलं.

"जातो. झोपा लागते," तो म्हणाला, आणि भिंतीला धरून उठला.