आईच्या पायाची करंगळी

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या घरात शिकलेली अशी मी एकटीच. बी.एस्सी. झालेली, बारामतीच्या एका शाळेत विज्ञान शिकवणारी, आणि दर रविवारी एस.टी.नं कळसला माहेरी जाऊन सगळ्यांना शहाणपण शिकवणारी. थोरला भाऊ द्राक्षं पिकवायचा. त्यानं बेदाण्याची शेड घातली तेव्हा मी लगेच पुढं झाले. बेदाण्याला रंग यावा म्हणून जाळीवर पसरलेल्या द्राक्षांना गंधकाची धुरी देतात, आणि आमच्या आबांना दमा. मी भावाला बजावलं, ताडपत्री पूर्वेकडूनच उघडायची, वडिलांच्या छातीत धूर जायला नको. भावानं मान डोलावली. बी.एस्सी.पुढं कोण बोलणार?

पूर्वेला बांधावर आईचा दगड होता.

आई गेली तेव्हा तिचा एकही फोटो आमच्याकडं नव्हता. निम्मं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलेलं, फोटो काढायला कोण थांबतंय! तिला उचलायच्या आधी आत्यानं तिच्या तळपायांना कुंकू लावून पांढऱ्या कापडावर पावलं उठवून घेतली. आमच्यात तशी रीत आहे. त्या कापडावरून आबांनी संगमरवरात उठावाची पावलं कोरून घेतली. कारागीर म्हणाला, पादुका सगळ्या सारख्याच असतात. आबा ऐकेनात. उजव्या पायाची करंगळी वाकडीच पाहिजे, म्हणाले. लहानपणी बिऱ्हाडाच्या घोड्याचा पाय पडून ती शेजारच्या बोटावर चढली होती. शेवटी तशीच कोरली. कापड मग नीरा-भीमेच्या संगमावर सोडून दिलं.

दगड स्वस्तातला होता, पण करंगळी हुबेहूब आली होती. आबा रोज सकाळी ओल्या फडक्यानं पावलं पुसायचे, करंगळीवर अंगठा ठेवायचे आणि घडीभर तसेच बसायचे. देवळात जायचा त्यांना कंटाळा. हे मात्र कधी चुकलं नाही.

शेड सुरू झाली. हंगामात सांजेला ताडपत्र्या सोडून आत गंधक पेटवायचं आणि सकाळी, दव असतानाच, पूर्वेची बाजू उघडायची. कोंडलेला धूर भसकन बाहेर पडायचा. डोळे झोंबायचे, घशात ठसका बसायचा. पण घराकडं वास येत नव्हता, आबांचा खोकला वाढला नाही, आणि मला माझंच कौतुक वाटायचं. बांधावरच्या जास्वंदीची पानं कडेनं करपायला लागली, तर भाऊ म्हणाला पाणी कमी पडतंय. मीही तेच म्हणाले. असे काही हंगाम गेले.

एका रविवारी आबांनी बांधावरून हाक मारली.

"पोरी, हितं ये जरा. करंगळी हाताला लागंना."

मी हात फिरवला. दगडाची झिलई गेली होती. बोटांना पांढरी पूड लागली. करंगळीच्या जागी नुसता एक बारीक उंचवटा उरला होता, आणि तोही कशाचा ते माहीत असलेल्यालाच कळावा असा.

आबा आपले हात उलटेपालटे करून बघत होते. "मीच पुसून पुसून घालवली का काय गं हिला?"

मी पूड कागदात बांधून शाळेत नेली.

संगमरवर म्हणजे चुनखडीच. त्यावर आम्ल टाकलं की फसफसतं, हे मी वर्गात दरवर्षी करून दाखवायची. पुडीवर थेंब टाकला. फेस आला नाही. दुसरा टाकला, तरी नाही. म्हणजे ती पूड संगमरवराची राहिलीच नव्हती. गंधकाचा धूर दवात मिसळला की त्याचं आम्ल होतं. ते चुनखडीला खातं आणि मागं जिप्सम उरतं. कालव्याच्या पाण्यानं खारावलेल्या रानात आमच्याकडं पोत्यानं टाकतात, तेच जिप्सम. धुरानं दगडाचा पापुद्रा जिप्सम करून ठेवायचा, आणि आबांनी मायेनं तो पुसून काढायचा. धूर नसता तर त्यांच्या फडक्यानं त्या दगडाचं आयुष्यभरात काही बिघडलं नसतं. हे समीकरण मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल!

पुढच्या रविवारी भावाला म्हणाले, उत्तरेकडून उघडत जा, वारा तिकडं बरा आहे. त्यानं तसं केलं. उत्तरेकडूनही धूर घराकडं येत नव्हता. हे आधी सुचलं असतं तर, या विचारानं माझा जीव जळत राहिला. पण आबांना सांगायला तोंड उघडेना. मुलगी एवढी शिकली म्हणून गावभर सांगत फिरणारा तो माणूस.

आबांनी दगड पुसणं सोडलं. अंगठा ठेवणंही सोडलं. हातभर लांब बसायचे, हात काखेत धरून, हात आपोआप पुढं जाईल अशी भीती असल्यासारखे. मी मनाची समजूत घालायची, बरंच झालं, दगड तरी जपला जातोय. हे लिहिताना आज माझी मलाच लाज वाटते.

दोन वर्षांनी आईच्या वर्षदिनाला नैवेद्याचं ताट घेऊन आम्ही दोघं बांधावर गेलो. आबांनी ताट माझ्या हातात दिलं.

"तूच ठिव. माझा हात नगं लागाय."

मला रडूच फुटलं. मी सगळं सांगून टाकलं. धूर, दव, पूड, पूर्वेची बाजू. "आबा, तुमच्या हातानं नाही गेली ती. माझ्या शहाणपणानं गेली."

वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी जास्वंदीकडं बघितलं.

"म्हंजी मी नुसता हात लावला असता, तर चाललं असतं?"

"हो, आबा."

"मंग दोन वरसं सांगितलं का न्हाईस, पोरी? दोन वरसं मी तिला शिवलो न्हाय."