कवीणकाकूंचं लुगडं

कवीणकाकूंसमोर त्यांच्या नवऱ्याची स्तुती करायची तर आधी चहा संपवायचा. नाहीतर त्या भरला कप हातातून काढून घेत. माझे असे दोन कप गेले. एक 'कविराज' म्हटल्याबद्दल, दुसरा 'नदीपुत्र' म्हटल्याबद्दल.

"नदीपुत्र म्हणे! गुडघ्याएवढ्या पाण्यात पाय टाकाले भेत होते ते!"

खरंच होतं. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात ज्यांच्या वैनगंगेवरच्या कविता मुलं पाठ करतात, ते घाटाची दुसरी पायरी कधी उतरले नाहीत. धुणं घेऊन जायच्या काकू. परतल्या की कवी विचारत, "आज काय म्हणते गंगा?" काकू सांगत, "फुगून बसली आहे, माहेरी भांडून आल्यावानी." संध्याकाळी कविता तयार. ती आधी काकूंनाच वाचून दाखवायची. त्यांनी नाक मुरडलं की ओळ खोडायची.

कवी गेल्यावर घाटावर त्यांच्या आठवणीचा कोरीव दगड बसवायचं ठरलं. समितीत मराठी धड लिहिणारा मी एकटा, म्हणजे बाकीचे हिंदीवाले, एवढंच. मी झोकात लिहून दिलं: 'येथे बसून कवी नदीशी बोलत असत.'

अनावरणाच्या दिवशी काकू भर मांडवात उभ्या राहिल्या. "काहून रे, तू पाह्यलं त्यायले इथं?"

"काकू, ती कल्पना..."

"कल्पना त्यायची होती. तुही तर थाप आहे! जितेपणी माणूस कधी खोटं नाही बोलला. आता मेल्यावर त्यायले खोटं बोलाले लावता? पुसा ते!"

"माताजी, अब तो पत्थर खुद गया," अध्यक्ष म्हणाले. मी गळ्यातल्या हाराची फुलं चाचपत बसलो.

दुसऱ्या दिवसापासून, घरी नळ असताना, काकू पुन्हा धुणं घेऊन घाटावर. लुगडं पिळून बरोबर त्या दगडावर वाळत टाकायच्या. पाहुणे आले, पोरं फोटो काढायला आली, तरी काढायच्या नाहीत. "अजून ओलं आहे," म्हणायच्या.

यंदा काकू गेल्या. शोकसभेत एकजण त्यांना 'कविराजांची मूक सावली' म्हणाला. मूक! त्याच्या हातात कप नव्हता, नाहीतर मीच काढून घेतला असता.

तसाच उठून घाटावर गेलो. दगड कोरडा ठणठणीत. माझी थाप वरच्या पायरीवरूनही वाचता येत होती. खांद्यावरचा दुपट्टा नदीत भिजवला, पिळला, दगडावर टाकला.

"भाईसाहब, यहाँ कपड़े मत सुखाओ!" चौकीदार ओरडला.

"अभी गीला है," मी म्हणालो. 'बोलत असत' तेवढं उघडं पडत होतं. टोक ओढून तेही झाकलं.