घुंगरं बांधून अकोल्याला

बडनेरा मागे पडले आणि मी मोकळा श्वास घेतला. निघताना माझा मुलगा मंगेश गेटात आडवा उभा होता. "आई, अकोल्याहून येईपर्यंत एकदा जरी पडली, तं गाडी विकून टाकीन." साठीला आलेल्या आईने इलेक्ट्रिक स्कूटर घ्यावी, हेच त्याला पटले नव्हते. मला मात्र कुणाच्या मागच्या सीटवर बसून म्हातारे व्हायचे नव्हते. डिक्कीत अकोल्याच्या माझ्या बहिणीसाठी, शोभाताईसाठी, अमरावतीच्या गिलावड्याचा, म्हणजे दह्यात भिजवलेल्या वड्यांचा, डबा होता.

हायवेवर ट्रक शेजारून गेला की माझी हलकी गाडी डुलायची. म्हणून कुरुमच्या अलीकडे आतला रस्ता धरला. दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि फुटायला आलेला कापूस. अर्ध्या डांबरावर सोयाबीन वाळत घातलेले, कडेने दगड लावलेले. सुगीत आमच्याकडे रस्ता हेच खळे. उरलेल्या अर्ध्यातून एक बैलबंडी चालली होती.

गाडीला आवाज नाही, हे मी चारचौघांत मिरवत असे. त्यामुळे बैलांनाही ती मागून आलेली कळली नाही. मी अगदी जवळ जाऊन हॉर्न दाबला, तसा उजवा बैल बुजून माझ्या अंगावर आला. मी गाडी सोयाबीनवर घातली. दाण्यांवरून चाक घसरले. दोन्ही पाय टेकून कशीबशी उभी राहिले, पण पडले नाही.

बंडीवाल्याने बैल आवरले. "बाई, कानाशी येऊन हॉर्न काहून (का) वाजोता? बैलाले भेव (भीती) लागते ना."

"चुकलंच माझं, दादा. पण घुंगराचं भेव लागते का त्याले?"

"त्याचं कायले लागन? ते तं त्याच्या गयात (गळ्यात) असते."

"मंग एखादी माळ मले द्या."

तो हसायला लागला. "गाडीले बांधता? लोकं हासतीन तुमाले."

"हासू द्या. हासतीन तं पायतीन (पाहतील) तरी."

बंडीत पोळ्याची एक जादा माळ होती. ती त्याने स्वतःच हँडलला बांधली. मी त्याच्या हातात गिलावड्याचा अख्खा डबा ठेवला.

मूर्तिजापूरला ढाब्यावर गाडी चार्जिंगला लावून झुणका-भाकर खाल्ली. पुढे तर माझी मिरवणूकच निघाली. माळ खुळखुळली की गुरे सरकत, डोक्यावर भारा घेतलेल्या बाया वळून बघत आणि हसत. अकोल्यात शोभाताईने मंगेशच्या सांगण्यावरून गाडी चहूबाजूंनी तपासली. "ओरखडा नाई," ती म्हणाली, "अन् गिलावडा बी नाई."

दुसऱ्या दिवशी घरी परतले. एवढे कळले की आपण रस्ता बघतो तेवढे पुरत नाही, रस्त्यालाही आपली चाहूल लागावी लागते. मंगेश गेटातच, माझ्याकडे पाठ करून फोनवर बोलत होता. घुंगरे वाजली. मागे न बघताच तो बाजूला झाला, आणि मी ऐटीत आत शिरले.