हेडफोनमधली गिटार

बजाजनगरातला अभय कारखान्यातली पहिली पाळी करून दुपारी घरी यायचा, तेव्हा रातपाळीची नर्स असलेली त्याची बायको विशाखा झोपलेली असायची. म्हणून तो जुन्या ॲम्प्लिफायरचा स्पीकर बंद ठेवून हेडफोनवरच गिटार वाजवायचा.

पिशोरहून आलेल्या आईनं, मनकर्णाबाईनं, एकदा तो वाजवत असताना ते हेडफोन स्वतःच्या कानांना लावले. बराच वेळ ऐकून ती एवढंच म्हणाली, "लई थकलास रे लेकरा."

अभयनं मग ॲम्प्लिफायरच्या रेकॉर्डिंगच्या आउटपुटची वायर लॅपटॉपला जोडली, तीच धून रेकॉर्ड केली आणि विशाखाला पाठवली.

संध्याकाळी कामावर जाताना बसमधून तिचा फोन आला.

"सात वर्षं झाली लग्नाला, अन् तुमची गिटार आज पहिल्यांदा ऐकली."

तिचा स्टॉप येईपर्यंत दोघंही फोन धरून राहिले.